वरखालीचा डाव

त्या इमारतीत त्याला कुणी खऱ्या नावानं हाक मारल्याचं त्याच्या बायकोलाही आठवत नव्हतं. पोरं त्याला ‘वरखाली’ म्हणत. पोरांचं ऐकून मोठी माणसंही म्हणू लागली आणि शेवटी तोही त्याच नावाला ओ देऊ लागला. सात मजल्यांची जुनी इमारत, तिच्या पोटात जाळीच्या दाराची एक लिफ्ट, लिफ्टमध्ये एक पितळी मूठ आणि मुठीशेजारी स्टुलावर बसलेला हा माणूस. लोकांना वर न्यायचं आणि खाली आणायचं यातच त्याचा उभा जन्म गेला होता.

राहायला जिन्यामागची खोली होती. त्यात एक पलंग, एक शेगडी आणि खिडकीपाशी बायकोचं शिवणयंत्र. ती लोकांच्या पँटी आखूड करून द्यायची, चेन बदलायची, कोटांना नवं अस्तर लावायची. खोलीची एक भिंत लिफ्ट ज्या विहिरीतून चढायची-उतरायची तिला लागून होती, त्यामुळे लिफ्टमध्ये कुणी शिंकलं तरी तिला खोलीत ऐकू यायचं. एकदा नवऱ्यानं विचारलं, "तुला रेडिओ घेऊ का?" तर ती म्हणाली, "कशाला? आहे की भिंतीत." कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या पोराला नोकरी लागली, कोण कोणाशी बोलत नाही, हे सगळं तिला यंत्रावरून न उठता कळायचं. गंमत म्हणजे ती स्वतः त्या लिफ्टमध्ये कधी बसलीच नव्हती. तळमजल्यावर राहणाऱ्या बाईला लिफ्ट हवी कशाला? शिवलेले कपडेही वर तोच पोचवायचा.

नवऱ्याला खेळांचा नाद होता. पत्ते-बित्ते नव्हेत, त्यासाठी वेळ कुठून आणणार! त्याचे खेळ तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंतच्या वेळात मावणारे. पोरांना तो डोळे मिटायला लावायचा आणि मधेच लिफ्ट थांबवून कितवा मजला ते ओळखायला सांगायचा. रुसलेले एखादे नवराबायको एकमेकांकडे पाठ करून आत शिरले, की म्हणायचा, "जो आधी हसेल तो हरला." बहुतेक वेळा दुसऱ्या मजल्यापर्यंत दोघंही हरलेले असत. बायको भिंतीपलीकडून हे ऐकायची आणि दोरा दातानं तोडता तोडता नाक मुरडायची. हा माणूस जगाला हसवत फिरतो आणि घरी आला की आठ वाजता घोरतो, अशी तिची तक्रार होती.

मग इमारतीत भांडण पेटलं. इमारत पाडून नवी बांधावी, असं अर्ध्या लोकांचं म्हणणं. आहे तीच डागडुजी करून राखावी, असं बाकीच्या अर्ध्यांचं. पाडणाऱ्यांची पुढारी होती सातव्या मजल्यावरची नर्सबाई. तिच्या छताचा एक भला मोठा पोपडा तिच्या मुलीच्या उशीवर येऊन पडला होता. पोरगी शाळेत होती म्हणून वाचली. राखणाऱ्यांचे पुढारी होते पाचव्या मजल्यावरचे घड्याळजी. म्हातारा माणूस, एकटा, डोळ्याला भिंग लावून दिवसभर लोकांची घड्याळं उघडून बसलेला. त्यांची बायको त्याच घरात गेली होती. एकदा बाहेर काढलं की आपण परत येत नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

बघता बघता सात मजल्यांत उभी फूट पडली. वर्षानुवर्षं एकमेकांकडे किल्ली ठेवून जाणारी माणसं एकमेकांना पाण्यात पाहू लागली. जिन्यात गाठ पडली तर एक जण भिंतीकडे बघायचा आणि दुसरा कठड्याकडे. लिफ्टमध्ये विरुद्ध बाजूचं कुणी उभं असलं की लोक म्हणायचे, "राहू दे, पुढच्या फेरीला येतो." फेऱ्या दुप्पट झाल्या. वरखाली संध्याकाळी खांदा चोळत घरी यायचा.

"तुम्हाला काय वाटतं?" बायकोनं एकदा विचारलं. "पाडावी की राखावी?"

"मला काय विचारतेस, मी लिफ्टमन."

"म्हणूनच विचारतेय. नवी इमारत झाली की नवी लिफ्ट येणार. बटणाची. मग तुम्ही कुठं बसणार? आणि ही खोली? नव्या नकाशात जिन्यामागं खोल्या नसतात. मी सगळं ऐकते भिंतीतून."

त्यानं हात धुतले आणि खांद्याला तेल चोळायला बसला. तिच्या डोक्यातून मात्र ते जाईना. मुलगी लांबच्या शहरात, तिचं घर आधीच माणसांनी गच्च भरलेलं. जायचं कुठं?

अशातच एका सकाळी नर्सबाई रात्रपाळी करून आली आणि लिफ्टमध्ये शिरली. मागोमाग औषधाची पिशवी घेऊन घड्याळजीही शिरले. तिच्या पायांत त्राण नव्हतं आणि त्यांच्या छातीत दम नव्हता, त्यामुळे उतरायला कुणीच तयार नव्हतं. उतरणं म्हणजे हार. वरखालीनं दार ओढलं, मूठ फिरवली. बायको यंत्रावर एका कोटाला बाही लावत होती. तिनं आवाजावरून ओळखलं: पहिला मजला, दुसरा, तिसरा. मग खट्ट. लिफ्ट थांबली.

त्या लिफ्टची एक खोड होती. आतलं जाळीचं दार बोटभर जरी सरकलं तरी ती जागच्या जागी थांबायची आणि दार पुन्हा लागेपर्यंत ढिम्म हलायची नाही. ही खोड सगळ्या इमारतीत दोघांनाच नीट ठाऊक होती. एक होता वरखाली, आणि दुसरी भिंतीअलीकडे बाही लावत बसलेली त्याची बायको.

"काय झालं?" नर्सबाईचा आवाज आला.

"यंत्र आहे बाई, थकतं," वरखाली म्हणाला. "थोडं गार झालं की निघेल."

बायकोनं कपाळाला हात लावला.

वर तिघं अडकली. मग घड्याळजी म्हणाले, "बघा, हिला दुरुस्ती हवी." नर्सबाई म्हणाली, "बघा, हिला आता मोडीतच काढायला हवं." आणि सुरू झालं ना! एका दमात दोघं बोलत होती आणि ऐकत कुणीच नव्हतं. वरखालीनं दोघांना बोलू दिलं. मग म्हणाला, "तुमचं भांडण चालू दे, पण वेळ जात नाहीये. एक डाव खेळू."

खिशातला खडू काढून त्यानं स्टुलावर सात रेघा मारल्या. एकेक रेघ म्हणजे एकेक मजला. सोंगट्यांना दोन बटणं हवी होती. ती त्याच्या खिशात होती, एक मोठं तपकिरी आणि एक पांढरं. तशीच आणखी बटणं आणायला बायकोनं ती नमुन्यादाखल दिली होती. ती गिऱ्हाइकाची होती म्हणून पुढं त्याला घरी किती बोलणी खावी लागली, ते सोडून देऊ. मोठं बटण कुणाचं यावरूनही वर थोडं भांडण झालंच.

"नियम सोपा," वरखाली म्हणाला. "आपलं म्हणणं बोलायचंच नाही. समोरच्याचं बोलायचं. तो म्हणाला, ‘हो, हेच मला म्हणायचं होतं,’ तर तुमचं बटण एक मजला वर. तो म्हणाला ‘नाही’, तर बटण तिथंच. पण मग नुसतं ‘नाही’ म्हणून सुटका नाही. खरं काय म्हणायचंय ते त्यानं स्वतः उघड सांगायचं."

"पोरखेळ," घड्याळजी म्हणाले.

"मग तुम्ही आधी."

घड्याळजींनी घसा साफ केला. "हिचं म्हणणं काय, तर हिला नवं, मोठं, चकाचक घर हवंय."

"नाही," नर्सबाई म्हणाली. मग नियमाप्रमाणं तिला सांगावं लागलं. "मला चकाचक काही नको. मी रात्री लोकांची पोरं सांभाळते आणि माझी पोरगी त्या छताखाली एकटी झोपते. दवाखान्यात फोन वाजला की वाटतं, घरूनच आला."

भिंतीअलीकडे बायकोचं शिवणयंत्र थांबलं. मग घड्याळजींचा आवाज आला. "हिचं म्हणणं... ही कामावर असते, पण हिचा जीव इथं टांगलेला असतो."

"हो," नर्सबाई म्हणाली. "हेच."

शेवटी यंत्र ‘गार’ झालं. लिफ्ट पाचव्या मजल्यावर पोचली तेव्हा दोघांची बटणं दुसऱ्या मजल्यावर होती. मतं कुणाचीच बदलली नव्हती, उगाच खोटं कशाला बोला! पण घड्याळजी उतरताना म्हणाले, "डाव अर्धा राहिला." आणि नर्सबाई म्हणाली, "उद्या."

मग काय, डाव लागला. वरखालीनं प्लायवूडच्या फळीवर सात मजले रंगवले आणि ती लिफ्टसमोरच्या बाकावर ठेवून दिली. बटणांचा डबा बायकोचाच होता. संध्याकाळी माणसं आधी लांबून बघायची, मग टोमणे मारायची, मग बसायची. विमावाला म्हणून तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ होता, नाकावर माशी बसू न देणारा. त्याचं बटण तीन दिवस तळमजल्यावरच अडकून पडलं. समोरच्याचं बोलायला तोंड उघडलं की त्याचं स्वतःचंच भाषण बाहेर पडायचं. पोरं हसून हसून लोळायची.

बायको दार किलकिलं करून हे बघायची. बरं वाटायचं, का नाही वाटणार? पण तिचा हिशेब वेगळा होता.

"तुमच्या हातात आहे," एके दिवशी जेवताना ती म्हणाली. "कोण कुणाशी बसेल ते तुम्ही ठरवता. पाडणाऱ्यांतल्या कच्च्या माणसांना घड्याळजींसमोर बसवा. राखणारे वरचढ झाले की आपली खोली वाचेल."

"डावात माझं मत नाही."

"मत नसेल, पण पोट तर आहे ना?"

"अगं, एकदा मी फळीला बोट लावलं की तो डाव राहणार नाही. लोक माझ्यासमोर विश्वासानं बोलतात."

"लोक! सगळ्या लोकांचं ऐकून घेता तुम्ही," ती म्हणाली आणि ताट उचलून गेली. त्यानंतर घरात अबोला. कपडे वर न्यायचे असले की ती ते दाराबाहेर ठेवायची आणि तो मुकाट्यानं न्यायचा.

रविवारी सकाळी सभा भरली, लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत. खुर्च्या कमी पडल्या म्हणून लोक जिन्याच्या पायऱ्यांवर बसले. बायको आपल्या दारात उभी होती, गळ्यात माप घ्यायची पट्टी तशीच. निकाल आज लागणार होता आणि तिची खोली, तिची खिडकी, नवऱ्याचं स्टूल सगळं त्या निकालावर होतं.

सुरुवातीलाच विमावाला उठला. तो पाडणाऱ्यांपैकी. "एक विचारतो," तो म्हणाला. "गेले कितीतरी दिवस आपण या फळीपुढं बसतोय. पण डाव कुणाचा? लिफ्टमनचा. इमारत पाडली तर कुणाची नोकरी जाते? लिफ्टमनची. राखावी असंच त्याला वाटणार. आपण कुणाच्या तालावर नाचतोय, याचा जरा विचार करा."

कुजबूज सुरू झाली. घड्याळजी खाली मान घालून बसले. बायकोच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसानं घरात अबोला पत्करला पण फळीला बोट लावलं नाही, त्यालाच हा धारेवर धरतोय! ती बोलणार इतक्यात वरखाली स्टुलावरून उठला.

"खरं आहे," तो म्हणाला. "मला राखावी असंच वाटतं. ही लिफ्ट मोडीत निघाली तर मला रडू येईल, त्यात लपवायचं काय? म्हणून तुम्ही मला डावाला बसवा. मी नर्सबाईंच्या बाजूनं बोलतो. चुकलो तर फळी जाळून टाका."

फळी आणली. पांढरं बटण तळमजल्यावर ठेवलं. नर्सबाई समोर येऊन बसली.

त्यानं घाई केली नाही. छताबद्दल बोलला, तुळईला गेलेल्या चिरेबद्दल बोलला, उशीवरच्या पोपड्याबद्दल बोलला, रात्रपाळीत इथं टांगलेल्या जिवाबद्दल बोलला. दर वेळी नर्सबाई म्हणायची, "हो, हेच." बटण वर चढत होतं. डागडुजीवर आधी दोनदा केलेला खर्च कसा पाण्यात गेला, ते बोलला. घड्याळजींसारख्या माणसाला घराबाहेर काढताना तिच्या जिवाला काय होतं, तेही बोलला. तेव्हा घड्याळजींनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बटण सहाव्यावर पोचलं आणि वरखाली थांबला. बायकोनं पट्टी मुठीत आवळून धरली.

"शेवटचं," तो म्हणाला. त्याचा आवाज लिफ्टमध्ये असतो तसाच होता, पुढचा मजला सांगावा तसा. "तुमचं म्हणणं असं, की हा लिफ्टमन चांगला माणूस आहे. माझ्या पोरीला यानं कडेवर घेऊन वर नेलंय. याच्या पोटावर पाय येणार हे मला कळतं आणि रोज याच्या लिफ्टमध्ये उभं राहताना मला लाज वाटते. हे मी कुणाला बोलून दाखवू शकत नाही. पण याचं स्टूल राहावं म्हणून माझ्या पोरीनं फुटक्या छताखाली झोपावं का? नाही. आणि मी याला विचारलं, तर हाही नाहीच म्हणेल."

नर्सबाईनं मान हलवली आणि बटण स्वतःच उचलून सातव्यावर ठेवलं. विमावाला खुर्चीत बसला होता, तो उठून कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

मग घड्याळजी आले. आपलं तपकिरी बटण त्यांनी फळीवर ठेवलंच नाही, खिशात टाकलं. "पाडा," ते म्हणाले. "पण आपल्याला परत येता येणार नाही अशी मला भीती वाटते, तशी इथं बऱ्याच जणांना वाटते. म्हणून प्रत्येक जण आपापल्या मजल्यावर परत येईल असं पक्कं होईपर्यंत एकही वीट हलायची नाही."

"जिन्यामागच्या खोलीसकट," नर्सबाई डोळे पुसत म्हणाली. "ती नसेल तर मी सातव्यावरून उतरणार नाही."

हात वर झाले. दोन्ही बाजूंचे. दारात उभ्या असलेल्या बायकोला काय वाटत होतं ते तिचं तिलाच कळेना. आपलं घर हातातून गेलं म्हणून जीव तुटत होता आणि तरी ऊर भरून येत होता. ती आत गेली आणि कुणाची तरी अर्धी राहिलेली पँट पुरी करायला बसली. टाके सगळे वाकडे पडले, ते उसवावे लागले.

बांधणाऱ्यानं आधी कुरकुर केली. पण सात मजले एका सुरात बोलायला लागल्यावर त्याचं काय चालणार? परतीचं ठरलं, तळमजल्यावरच्या एका खोलीचंही ठरलं. लिफ्ट मात्र बटणाची येणार होती. त्याला कुणाचाच इलाज नव्हता.

एकेक बिऱ्हाड हललं. नर्सबाईनं मुलीला वरखालीच्या पाया पडायला सांगितलं, तर मुलीनं त्याला मिठीच मारली. घड्याळजी जाताना फळी मागून घेऊन गेले, म्हणाले, "नव्या शेजाऱ्यांवर चालवून बघतो." शेवटी राहिली ही दोघंच. शिवणयंत्र हातगाडीवर चढलं. खोली रिकामी झाली.

"चल," वरखाली म्हणाला. "एकदा वर जाऊन येऊ. तू कधी बसली नाहीस."

ती आत आली. पितळी मूठ त्याच्या हातानं एका बाजूला पार झिजली होती. त्यानं दार ओढलं. पहिला मजला गेला, दुसरा, तिसरा. तिनं हात लांब केला आणि जाळीचं दार बोटभर सरकवलं. खट्ट.

त्यानं तिच्याकडे बघितलं.

"यंत्र आहे," ती म्हणाली. "थकतं."

तो हसला. त्या अबोल्यानंतर तो तिच्याकडे बघून पहिल्यांदाच असा हसला होता.

"आता डाव," ती म्हणाली. "मी तुमचं बोलते. तुम्हाला म्हणायचं होतं, की ही लिफ्ट माझी असली तरी कुणाच्या पोरीपेक्षा मोठी नाही. ती वाचवायला मी खोटं खेळलो असतो, तर पुन्हा कुणाला वर नेताना त्याच्या तोंडाकडे बघू शकलो नसतो."

"हो," तो हळूच म्हणाला. "हेच म्हणायचं होतं."

"आता तुम्ही माझं बोला."

तो स्टुलावर बसला. बोटानं मूठ पुसत म्हणाला, "तुला म्हणायचंय, की सगळ्या इमारतीचं ऐकलं, सगळ्यांची बाजू घेऊन बोललो, पण घरात जी बसलीये तिला एका शब्दानं विचारलं नाही."

"हो." तिनं एक बोट वर केलं. "हेच. एक मजला वर. पण अजून एक राहिलंय."

"खोलीबद्दल?"

"नाही."

"खिडकी. तुला तुझी खिडकी हवी होती."

"नाही."

"मग हरलो मी. मला नाही ओळखता येत."

"‘नाही’ म्हणणाऱ्यानं उघड सांगायचं असतं ना?" ती म्हणाली. "तुमचाच नियम. त्या दिवशी सभेत तुम्ही आपलं सगळं स्वतःच्या तोंडानं देऊन टाकलंत, तेव्हा मला सगळ्यांसमोर ओरडून सांगायचं होतं, की हा माझा नवरा आहे. बघून घ्या. सातही मजल्यांवर असा माणूस नाही. मी दारात उभी होते आणि तोंडातून आवाज निघाला नाही. तेच राहून गेलं होतं."

उभ्या जन्मात पहिल्यांदाच वरखालीला पुढचा मजला सांगता आला नाही. तिनं पदरानं आधी त्याचे डोळे पुसले, मग आपले, आणि जाळीचं दार स्वतःच्या हातानं घट्ट ओढून घेतलं.

"चला," ती म्हणाली. "सातवा दाखवा."